थंड पाण्याची टाकी: दोन न्यूट आणि एक नोंदवही

२ सप्टेंबर

टाकी आली. ६० × ३० × ३० सेंटिमीटर. काठोकाठ भरली तर ५४ लिटर, पण पाणी २० सेंटिमीटरपर्यंतच भरायचं आहे, म्हणजे ३६ लिटर. वरचे १० सेंटिमीटर मुद्दाम रिकामे, कारण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो प्राणी ओलं पोट काचेला चिकटवून सरळ वर चढतो. झाकण जाळीचं, चारी बाजूंनी घट्ट.

जात ठरलेली आहे: जपानी लाल पोटाचा न्यूट (पाण्यात राहणारा, शेपटीवाला उभयचर), सिनॉप्स पायरोगॅस्टर. पाठ काळपट तपकिरी, पोट लालभडक, त्यावर काळे डाग. लांबी साधारण ८ ते १२ सेंटिमीटर. नीट सांभाळला तर वीस वर्षांच्या पुढेही जगतो. हे शेवटचं वाक्य वाचून मी दोन महिने थांबले होते. वीस वर्षं म्हणजे गंमत नव्हे.

आईने फोटो पाहिला. "अगं, पाल पाण्यात कशाला ठेवतेस?" पाल सरपटणारी, तिच्या अंगावर खवले, हा बेडकाचा चुलतभाऊ, कातडी उघडी, अंड्याला कवच नाही, वगैरे सगळं सांगितलं. आईने फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "पालच."

५ सप्टेंबर

तळाला बारीक वाळू घातली. खडे नकोत, कारण न्यूट घास घेताना आजूबाजूचंही तोंडात ओढतो आणि मधल्या आकाराचा खडा गिळला तर आतडं तुंबतं. वनस्पती: एलोडिया, जावा मॉस, एका ओंडक्याला दोऱ्याने बांधलेली अनुबियास. पाण्याबाहेर बसायला तरंगती बुचाची साल. गाळणी स्पंजाची, हवेच्या पंपावर चालणारी. जोराचा प्रवाह या प्राण्याला सोसत नाही. तो संथ तळ्याचा, भाताच्या खाचराचा रहिवासी आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं द्रावण टाकलं. नुसतं रात्रभर ठेवून क्लोरीन उडतो, क्लोरामाइन उडत नाही, म्हणून द्रावण.

९ सप्टेंबर

आता रिकामी टाकी सांभाळायची. न्यूट पाळणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच पाळणं, आणि ते न्यूट यायच्या आधी सुरू करावं लागतं. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसवणारं. हे जीवाणू स्पंजावर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि त्यांना वेळ लागतो. न्यूट कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं.

लिटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने अमोनिया घातला. चाचणीची नळी हिरवीगार.

२१ सप्टेंबर

अमोनिया कमी व्हायला लागला. नायट्राइट जांभळ्या रंगाच्या पार टोकाला. रोज रिकाम्या टाकीसमोर बसून नळ्यांचे रंग बघते. भाचा (वय ९) विचारतो, "मावशी, यात काही आहे की नाही?" आहे, पण दिसत नाही.

६ ऑक्टोबर

नायट्राइट अजून तिथंच. मध्ये वैतागून गाळणीचा स्पंज नळाखाली धुतला होता. मूर्खपणा. क्लोरीनच्या पाण्याने अर्धी वस्ती मेली असणार. यापुढे स्पंज फक्त टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

१९ ऑक्टोबर

काल रात्री २ मिलिग्रॅम अमोनिया घातला, आज रात्री अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४०. झालं. उद्या निम्मं पाणी बदलणार.

१ नोव्हेंबर

न्यूट कुठून घ्यायचे यावर आठवडा गेला. अट एकच: माणसाच्या घरात जन्मलेले हवेत, तळ्यातून पकडलेले नकोत. ही जात रानात कमी होत चालली आहे आणि धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. हिची एक नातेवाईक, चीनमधल्या युन्नानच्या सरोवरातली सिनॉप्स वोल्टर्सटॉर्फी, १९७९ नंतर कुणाला दिसलेलीच नाही.

दुसरं कारण बुरशी. बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स, थोडक्यात बीसाल. नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर (न्यूटही सॅलॅमँडरांच्याच गटातला) झपाट्याने का मरतायत हे शोधताना २०१३ मध्ये ती ओळखली गेली. कातडी खाते. मूळ आशियातली, तिथल्या न्यूटांना तिची सवय, युरोपातल्यांना अजिबात नाही. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरली असं मानतात. म्हणून अमेरिकेने २०१६ मध्ये २० वंशांतल्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) सॅलॅमँडरांची आयात बंद केली. सिनॉप्सही त्यात आहे. म्हणजे हा छंद निरुपद्रवी नाही. टाकीचं पाणी ओढ्यात, तळ्यात, बागेतल्या कुंडात कधीच ओतायचं नाही. बादलीत ब्लीच घालून ठेवायचं, मग मोरीत.

८ नोव्हेंबर

आले! ओल्या मॉसने भरलेल्या डब्यातून दोन. एकाच घरात जन्मलेले, तीन वर्षांचे. पाण्याचं तापमान १९.

पोटावरचे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. काचेला चिकटले की खालून फोटो काढता येतो. नावं भाच्याने ठेवली: मोठीच्या पोटावर खंड आणि बेटं दिसतात म्हणून नकाशा, दुसऱ्याच्या छातीवर एकच गोल काळा डाग म्हणून ठिपका. देणाऱ्याने "दोन्ही माद्या" असं सांगितलं होतं.

हात धुण्याचा नियम मोरीवर चिकटवला. आधी धुवायचे, कारण हाताचा साबण-क्रीम त्यांच्या कातडीत जातं. नंतरही धुवायचे, कारण यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असू शकतं, फुगा माशातलंच विष. कॅलिफोर्नियाच्या न्यूटमधलं विष आधी 'टॅरिकाटॉक्सिन' म्हणून वेगळं धरलं होतं. १९६४ मध्ये कळलं की दोन्ही एकच. लाल पोट ही त्याचीच पाटी आहे. हात लावल्याने काही होत नाही, पण डोळे चोळायचे नाहीत. भाच्याला "चाटू नकोस" असं सांगितलं, तर म्हणाला, "कोण चाटतं?"

११ नोव्हेंबर

खात नाहीत.

१३ नोव्हेंबर

खात नाहीत. गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) वितळवून टाकले, तळाला तसेच पडून. अर्ध्या तासाने ड्रॉपरने काढून टाकले.

१६ नोव्हेंबर

माझीच चूक होती. दिवसातून दहा वेळा झाकण काढून बघत होते. काल दिवसभर टाकीला टॉवेल गुंडाळून ठेवला. आज संध्याकाळी गांडुळाचा अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा चिमट्याने नाकापुढे हलवला. नकाशा आधी थबकली, मान तिरकी केली, हुंगल्यासारखं केलं आणि मग खप्पकन. ठिपक्यानेही दोन तुकडे घेतले. नजर यांची यथातथाच, सगळी भिस्त वासावर आणि हालचालीवर.

२७ नोव्हेंबर

वेळापत्रक: दोन दिवसांआड जेवण. गांडूळ मुख्य, अधूनमधून ब्लडवर्म आणि डॅफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे जीव). आठवड्याला पाव टाकी पाणी बदल. ठिपक्याने आज कात टाकली. हातमोजा उतरवावा तशी ओठांपासून मागे सरकवत नेली, पायांतून सोडवली आणि खाऊन टाकली. पाच मिनिटांत खेळ खलास.

१४ डिसेंबर

वाईट दिवस. दोघांना एकदम खायला घातलं, एकाच कोपऱ्यात. गांडुळाच्या तुकड्यावर दोघेही झेपावले आणि नकाशाने तुकड्याऐवजी ठिपक्याचा डावा पुढचा पाय धरला. धरला की सोडत नाहीत, अंगाला पीळ देतात. मी चिमटा मध्ये घालेपर्यंत मनगटापासून पंजा गेला होता.

रक्त जवळजवळ नाही. ठिपका साल पकडून बसला. मी मात्र तासभर थरथरत होते. वेगळ्या डब्यात ठेवला: स्वच्छ थंड पाणी, रोज पूर्ण बदल, एवढंच. औषध काही घालायचं नाही. आणि हे लिहून ठेवते की यापुढे दोघांना दोन टोकांना, आधी नकाशाला, ती चघळत असताना ठिपक्याला.

१६ डिसेंबर

जखमेवर पातळ चकचकीत कातडी आली आहे. बुरशीचा पांढरा कापूस नाही.

सॅलॅमँडरचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो हे इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७६८ मध्येच छापलं होतं. कातडीखालच्या पेशी आपली ओळख विसरून एक गोळा बनवतात आणि त्या गोळ्यातून हाडं, स्नायू, बोटं पुन्हा घडतात. व्रण मागे राहत नाही. डोळ्याच्या भिंगाचं तर याहून नवल. जपानी न्यूटांचं भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढलं आणि अठराही वेळा ते नवं आलं. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नवं भिंग बुबुळाच्या वरच्या कडेच्या रंगीत पेशींतून तयार होतं. वाचायला छान वाटतं. ज्याचा पाय माझ्यामुळे गेला त्याच्या शेजारी बसून वाचायला तितकं छान वाटत नाही.

१० जानेवारी

मनगटाच्या टोकाला फिकट शंकूसारखा उंचवटा. ठिपका परत मोठ्या टाकीत.

टाकी आता मागच्या बंद खोलीत हलवली आहे, पाणी १३ ते १४ अंश. थंडीत यांना असा गारवा मिळाला तरच पुढे वीण होते, असं सगळे सांगतात. मला वीण हवीच आहे असं नाही (दोन्ही माद्याच ना?), पण ऋतू त्यांचा त्यांना मिळावा. खाणं निम्म्यावर आलं. पायाची वाढही थंडीत मंदावणार.

३ फेब्रुवारी

सकाळी टाकीत एकच न्यूट.

साल उचलली, मॉस उलटं केलं, स्पंजामागे पाहिलं. नाही. हवेची नळी जाळीतून आत जाते तिथे बोटभर फट होती, तेवढीच. दोन तास जमिनीवर रांगत शोधलं. शेवटी कपाटामागे, ओल्या पायपुसण्याच्या कडेला सापडला: अंगाला धूळ आणि केस चिकटलेले, सुरकुतलेला, पण जिवंत. साडेतीन पायांवर चार मीटर. बशीत ओला टिश्यू, त्यावर थोडं टाकीचंच पाणी. धूळ आपोआप सुटू दिली, ओढली नाही. संध्याकाळपर्यंत अंग भरलं. आईने बशीत डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच "पाल" न म्हणता "बिचारा" म्हणाली.

फटीत स्पंजाचा तुकडा ठासला.

२० फेब्रुवारी

शंकूचं वल्हं झालं. चपटं, पारदर्शक.

११ मार्च

टाकी जुन्या जागी. पाणी हळूहळू १८ वर. ठिपक्याच्या शेपटीवर निळसर जांभळी झाक आणि शेपटीच्या मुळाशी ठळक सूज. 'दोन्ही माद्या' निकालात. ठिपका नर आहे.

१८ मार्च

आज पाऊण तास हलले नाही. ठिपका नकाशाच्या वाटेत आडवा येतो, शेपटी दुमडून अंगाशी धरतो आणि तिचं टोक भराभर हलवतो, जणू कुणी पंख्याने तिच्या नाकाकडे वारा घालतंय. वारा नव्हे, वास घालतोय. नराच्या ग्रंथीतून सुटणारं हे गंधद्रव्य १९९५ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि त्याला 'सोडेफ्रिन' नाव दिलं गेलं, जपानी 'सोदेफुरी' वरून: प्रिय माणसाला बाही हलवून खूण करणं. रसायनाला इतकं देखणं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

नकाशा दोनदा बाजूला झाली. तिसऱ्यांदा त्याच्या मागे चालू लागली, नाक त्याच्या शेपटीला टेकवून. त्याने वाळूवर शुक्राणूंची पांढरी पुडी ठेवली, ती त्यावरून गेली आणि उचलून घेतली. मिठी वगैरे काही नाही.

२६ मार्च

अंडी! नकाशा एलोडियाचं एकेक पान मागच्या पायांनी दुमडते, घडीत एक अंडं ठेवते, पान दाबून धरते आणि चिकट वेष्टनाने ते तसंच राहतं. एका वेळी एक. बेडकासारखा गठ्ठा नाही. आज ६.

मोठे न्यूट स्वतःची अंडीही खातात, म्हणून पानासकट खुडून दुसऱ्या डब्यात.

मादी शुक्राणू महिनोन् महिने साठवून ठेवू शकते. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून याच जातीच्या माद्या अवकाशात पाठवल्या होत्या तेव्हा याचाच उपयोग झाला: नर सोबत नाही, संप्रेरकाचं इंजेक्शन, आणि वजनरहित अवस्थेत फलित अंडी. माझ्या बाईला पान दुमडायला गुरुत्वाकर्षण आहे, तेवढं सोपं.

३० मार्च

ठिपक्याच्या वल्ह्याला दोन खाचा.

भिंगातून अंडी पाहिली. ज्या डागाळलेल्या गोळ्यात परवा काही नव्हतं तिथे आज स्वल्पविराम आहे, डोक्याकडची बाजू ओळखू येते. न्यूटच्याच अंड्यांवर हिल्डे मँगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी १९२४ चा प्रयोग केला होता: एका भ्रूणाचा विशिष्ट तुकडा दुसऱ्यावर बसवला आणि तिथे दुसरं शरीर उगवायला लागलं. श्पेमानना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. मँगोल्ड तोवर हयात नव्हत्या. प्रयोग छापून आला त्याच वर्षी त्या गेल्या.

१६ एप्रिल

एकूण अंडी ४३. बारा पांढरी पडली, काढून टाकली. पहिलं पिल्लू आज फुटलं. लांबी ११ मिलिमीटर, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले. पाय नाहीत. दोन दिवस पोटातल्या बलकावरच राहील.

१९ एप्रिल

पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या बारीक जिवांची) अंडी फोडायला लावली: मिठाचं पाणी, हवा, २६ अंश, दीड दिवस. मग बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुऊन द्यायचे. गोड्या पाण्यात ते काही तासांत मरतात आणि पाणी नासवतात, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ थोडे, आणि रोज पाणी बदल. पिल्लं २६. सकाळचे पाच वाजलेत. हे कुणी सांगितलं होतं मला?

२२ एप्रिल

खोली ३०, टाकी २५.५. हा आकडा मला नको होता. २० च्या आसपास यांचं बरं चालतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि ताणात असलेला न्यूट संसर्गाला बळी पडतो. दोघेही सालीवर चढून बसलेत, अंग अर्धं बाहेर.

छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. दोन तासांत २३. बाष्पीभवन फुकटात थंडावा देतं, फक्त रोज लिटरभर पाणी घालावं लागतं. दुपारी बर्फ झालेली बाटली तरंगत सोडली, एकावेळी एकच. झटक्यात पाच अंश खाली आणणं हेही वाईटच. पिल्लांचा डबा जमिनीवर, मोठ्या पसरट तसराळ्यातल्या पाण्यात ठेवला.

२४ एप्रिल

२२.५. नकाशा जेवली.

९ मे

पिल्लांना पुढचे पाय आले, काडीसारखे. बेडकांच्या पिल्लांना मागचे आधी दिसतात, यांना पुढचे. १९ उरली. एकमेकांचे पाय आणि कल्ले कुरतडतात, म्हणून तीन डब्यांत वाटली. पंखा चालू.

ठिपक्याच्या नव्या पंजाला चार बोटं. पुढच्या पायाला चारच असतात, म्हणजे हिशेब पूर्ण. रंग बाकीच्या पायापेक्षा फिकट. पाच महिने लागले, त्यातले दोन थंडीने खाल्ले.

२ जून

मागचे पाय. बारीक चिरलेले ब्लडवर्म आणि डॅफ्निया खातात. १५.

२८ जून

एकाचे कल्ले आक्रसले, कातडी काळी खरबरीत झाली आणि ते पाण्यापासून दूर पळायला लागलं. आता ते पोहणारं पिल्लू नाही, जमिनीवरचं जनावर आहे; खोल पाण्यात राहिलं तर बुडून मरेल. डब्याला उतार दिला, वरच्या टोकाला ओलं मॉस.

६ जुलै

एक बुडालं. उतार पुरेसा नव्हता. सगळ्या डब्यांतलं पाणी बोटाच्या पेरापर्यंत खाली आणलं.

१५ जुलै

११ जणं मॉसच्या डब्यात, लांबी ४ सेंटिमीटरच्या आसपास. ही आता एखाद-दोन वर्षं पाण्यात उतरणार नाहीत. खाणं: कोळसा-मातीत वाढवलेल्या स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक किडे) आणि बिनपंखांच्या फळमाश्या, म्हणजे न्यूटांसाठी आणखी दोन प्राणी पाळणं आलं. पोटं लाल नाहीत, फिकट पिवळी. लाल रंग अन्नातल्या कॅरोटीनॉइडांतून येतो आणि घरी वाढलेल्यांना तो बरेचदा कमी पडतो. फळमाश्यांच्या खाद्यात लाल मिरचीपूड मिसळून पाहणार.

पाच जणांसाठी घर ठरलंय; ज्यांना द्यायचे त्यांची टाकी गेले सहा आठवडे रिकामी चालू आहे, नळ्यांचे रंग मला रोज पाठवतात. बाकी सहा इथेच.

१९ जुलै

सफाई करताना मोजले: दहा. पुन्हा मोजले: दहा. मॉस काढून, चाळून, जमिनीवर रांगून, कपाटामागे टॉर्च मारून. नाही. शेवटी झाकण उचलून बाजूला ठेवलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, ती बघ पाल." झाकणाच्या आतल्या बाजूला, पिवळं पोट चिकटवून, अकरावा.

झाकणाच्या कडेला फोमची पट्टी लावली.